वटवाघळांचा पेट्रोलपंप

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, गावी असतो, आगर आणि थोडे आंबे बघतो. कशी आहेस, पाऊस आहे का पुण्यात, असलं काही नाही, थेट "व्हिडिओ बघितलास का?" व्हिडिओत एक माणूस बाटलीत पाणी ओततो, चमचाभर मीठ टाकतो, दोन वायरी सोडतो आणि पलीकडे स्कूटरचं इंजिन धडधडायला लागतं, मागे छाती फुगवणारं म्युझिक, आणि खाली लिहिलंय की पेट्रोल कंपन्या हे तुमच्यापर्यंत पोचू देणार नाहीत. म्हटलं दादा, जीपचं काय झालं होतं विसरलास का? तर म्हणाला, "अगं ते वेगळं. ह्याच्यात मीठ आहे."

आमच्या घराण्याला हा रोगच आहे. कोकणात कुणाच्या घरात नाटकाचं वेड असतं, कुणाच्या भजनाचं, कुणाच्या कोर्टकज्जांचं. आमच्याकडे इंधनाचं. गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या अलीकडे, सड्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉनचा तो प्रकल्प 1999 साली 740 मेगावॉटचा पहिला टप्पा घेऊन सुरू झाला, नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या पातळ इंधनावर चालायचा, आणि 2001 च्या मे महिन्यात बंद पडला. मशीन बिघडलं म्हणून नाही, वीज इतकी महाग पडायला लागली की घेणाऱ्याला परवडेना म्हणून. पुढे कितीतरी वर्षं समोर एवढी मोठी चिमणी थंड आणि आमच्याकडे भारनियमन, दुपारचे तासन् तास लाईट नाही, असा मजेशीर देखावा होता. आमच्या घरातले सगळे प्रयोग त्या चिमणीच्या नाकासमोर झाले.

सुरुवात अण्णांची. अण्णा म्हणजे दादाचे वडील, माझे थोरले काका. 2005-06 चं साल, मी आठवीत. विहिरीवर विजेची मोटर होती पण वीज नव्हती, त्यामुळे माडांना आणि पोफळींना शिपणं वेळेवर होईना, म्हणून अण्णांनी कुणाचं तरी जुनं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं. आवाज असा की दीड किलोमीटरवरच्या वाडीत कळायचं आज अण्णांचं शिपणं चालू आहे. ते तासाला लिटरभर डिझेल प्यायचं आणि अण्णा प्रत्येक लिटरला हळहळायचे. आणि मग एक दिवस सकाळी दात घासता घासता त्यांची नजर उंडीकडे गेली.

आमच्या आगराच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला उंडीची अकरा झाडं आहेत. जाड चकचकीत पानं, पांढरी वासाची फुलं, लाकूड असं की होड्या बांधणारे अजून विचारत येतात. फळ हिरवं, गोल, लिंबाहून लहान. रात्री वटवाघळं येतात, वरचा गर खातात आणि आतली गोटी टाकून देतात, की सकाळी झाडाखाली आयत्या सोललेल्या गोट्यांचा खच पडलेला. ह्या गोट्या फोडून आतल्या बीचं तेल काढायची पद्धत आमच्याकडे जुनीच, दिव्यात जाळायला, होडीच्या लाकडाला पाजायला, गुडघ्याला चोळायला. कडू तेल म्हणतात त्याला. खायला चालत नाही हे त्याचं भाग्य, नाहीतर आम्ही केव्हाच तळून संपवलं असतं.

अण्णांनी कुठेतरी वाचलेलं होतं की रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे खरं आहे, आणि गंमत म्हणजे ते इतकं सुरळीत चाललं की शेंगतेलावर चाललंय हे बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळलं. अण्णांचा तर्क सरळ, शेंगदाण्यावर चालतं तर उंडीवर का नाही.

तर त्या दिवाळीनंतर आमचा कारखाना सुरू झाला. वाडीतल्या दोघी बायका रोज सकाळी गोट्या वेचायला. उंडीची ताजी बी फोडली तर आत पांढरी आणि कोरडी असते, तेलाचा मागमूस नाही, आणि मी तेव्हा म्हटलंसुद्धा, की अण्णा ह्यात काही नाहीये. ती महिना-दीड महिना उन्हात वाळवावी लागते. मग हळूहळू तपकिरी होत जाते आणि नखाने दाबलं की तेल सुटतं. महिनाभर सगळं खळं त्या गोट्यांनी भरलेलं, चालायला वाट नाही, काकूने वालाच्या शेंगा वाळत टाकायच्या कुठे हा रोजचा वाद. मग फोडणं, म्हणजे दगडावर ठेवून दगडाने, एकेक. मग पोती भरून तालुक्याच्या पलीकडे एक घाणा होता तिथपर्यंत टेम्पो.

माझं अक्षर बरं म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मी उत्साहाने जमेकडे 'उंडी बी, 3 पोती' असं ठसठशीत लिहिलं आणि खर्चाकडे मजुरी, टेम्पो, घाणावाल्याचे पैसे. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "चहा?" म्हटलं कसला चहा. "बायकांना रोज दोनदा चहा दिला तो. आभाळातून पडला का? लिही." मग काकूच्या खळ्याचं काय लिहायचं, मी विचारलं. ह्यावर अण्णा जरा गप्प झाले आणि म्हणाले, "ते तिच्यासमोर नको लिहू."

तीन पोती बियांतून 21 लिटर तेल आलं. हिरवट काळं, काकवीसारखं, आणि वास असा की डबा उघडला की मांजर उठून जायचं. तासाला लिटर धरलं तर एकवीस तास इंजिन, म्हणजे आमच्या आगराला जेमतेम पाच पाळ्या. दोन बायका, दीड महिना, एक टेम्पो, एक घाणा, अकरा झाडं, शिवाय न मोजलेली वटवाघळं, आणि हाती पाच पाळ्या पाणी. वहीत बेरीज केली तर लिटरमागे खर्च तेव्हाच्या डिझेलच्या वर गेला. चहा न धरता बरोबरीला येत होता, हे मी नंतर गुपचूप करून बघितलं.

पण इंजिन चाललं! हे सांगितलंच पाहिजे. अण्णा डिझेलवर सुरू करायचे, दहा मिनिटं गरम होऊ द्यायचे आणि मग कॉक फिरवून उंडीवर आणायचे. आवाज जरासा मऊ व्हायचा, आणि धुराला एक वेगळाच वास, देवळात समई विझल्यावर येतो तसा. गावातले लोक बघायला यायचे. 'वटवाघळांचा पेट्रोलपंप' हे नाव तेव्हाच पडलं, अर्थात अण्णांच्या पाठीमागे. तेरा-चौदा तास चालून एका सकाळी ते खोकायला लागलं, काळा धूर, आणि बंद. फिटरने नोझल काढून दाखवलं, टोकाला कोळशाची फुलं आलेली, अक्षरशः पोवळ्यासारखी. "अण्णानू, ह्याला डिझेल प्यायची सवय आहे, तुम्ही पाजताय खीर," असं म्हणाला तो, आणि पुढे इंजिनिअरिंगची पुस्तकं चाळताना मला कळलं की ह्याहून चांगलं स्पष्टीकरण त्यांतही नाही. कच्चं तेल डिझेलच्या दहा पटींहून जास्त घट्ट. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, मोठे थेंब उडतात, ते अर्धवट जळतात आणि उरलेला कोळसा तिथेच जमतो. डिझेलसाहेबाचं इंजिन प्रदर्शनात चाललं होतं, आम्हाला आगरात चालवायचं होतं, आणि हा फरक त्या वयात माझ्या ध्यानात आला नव्हता.

पुढे मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली, त्याला थोडं कारण हे नोझल. तेलाचं बायोडिझेल करायची कृती तशी सोपी आहे, शंभर मिली तेलाला वीसएक मिली मिथेनॉल, थोडं कॉस्टिक, साठेक डिग्रीवर ढवळत राहायचं, ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ डिझेलसारखं तेल. सूर्यफुलाच्या तेलावर ते लॅबमध्ये मस्त जमलं. मग मी घरून उंडीचं आणलं, मोठ्या ऐटीत, सरांना सांगून, आणि अर्ध्या तासात बीकरमध्ये गच्च हिरवा गोळा. साबण झाला होता. उंडीच्या कच्च्या तेलात सुटी आम्लं फार असतात, ती कॉस्टिकशी आधी लग्न लावतात, म्हणून पहिल्यांदा सल्फ्युरिक ॲसिड घालून ती काढायला लागतात आणि मगच पुढची कृती. म्हणजे मिथेनॉल विकत, कॉस्टिक विकत, ॲसिड विकत, तापवायला वीज, वर ते धुवायला पाणी. तो गोळा मी घरी नेला. काकूने त्याने अण्णांचे ऑईलचे कपडे धुतले आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या झाडाचा मला उपयोग झाला."

आता जीप. हे 2013 चं. दादाने एका शहरातल्या प्रदर्शनात एका स्टॉलवर 'पाण्यावर गाडी' असं कीट घेतलं, किती हजारांना ते त्याने अजून काकूला सांगितलेलं नाही. स्टीलची बरणी, आत पत्रे, वर एक नळी जी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडायची, आणि बॅटरीवरून दोन वायरी. पाण्यातून बुडबुडे येतात, तो हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस, तो इंजिनात जातो आणि मायलेज वाढतं. दादाने आठवडाभर चालवून जाहीर केलं की लिटरमागे दोन किलोमीटर जास्त. मी सुट्टीला गेले होते, त्याच्याशेजारी बसून दापोलीपर्यंत आले. तो चाळीसच्या वर जीप नेतच नव्हता! एरवी घाटात एसटीला ओव्हरटेक करणारा माणूस, बरणीकडे आणि काट्याकडे बघत, क्लच जपत, नवरी मुलगी बसल्यासारखी गाडी हाकत होता. मायलेज वाढणारच.

त्या रात्री मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब केला. बरणीला दहा अँपियर जातात, बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे 120 वॉट. एवढ्या करंटने तासाभरात निघणारा हायड्रोजन अर्ध्या ग्रॅमलाही पोचत नाही. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. आणि ते 120 वॉट बॅटरीत कुठून आले, तर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून, म्हणजे इंधनातूनच. म्हणजे पेट्रोल घालून वीज करायची, विजेने पाणी फोडायचं, ते पुन्हा जाळायचं आणि पेट्रोल वाचलं म्हणायचं. मी दादाला म्हटलं की पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन, चुलीतल्या राखेसारखं, राख पुन्हा पेटवायची तर जेवढी ऊब मिळाली होती त्याहून जास्त परत द्यायला लागते. दादा म्हणाला, तू पहिल्यापासून निगेटिव्ह आहेस. तीन आठवड्यांनी पत्रे गंजून त्या बरणीतलं पाणी कोकम सरबताच्या रंगाचं झालं आणि विषय संपला, असं मला वाटलं होतं.

दादाला हसायचा मला तसा हक्क नाही, कारण ह्यापेक्षा मोठे लोक ह्यात फसलेत. 1996 साल आठवा. तामिळनाडूतला रामर पिल्लई म्हणून एक माणूस, पाण्यात पाला उकळून पेट्रोल करतो म्हणून देशभर गाजला, सरकारी शास्त्रज्ञांसमोर प्रयोग झाले, पेपरांतून पानंच्या पानं. पुढच्या चाचण्यांत ते टिकलं नाही. मग त्याने 'हर्बल इंधन' म्हणून जे विकलं त्यात पेट्रोलियमचीच रसायनं निघाली आणि 2016 साली चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. योगायोग असा की त्याच 1996 मध्ये अमेरिकेत ओहायोच्या कोर्टाने स्टॅनली मेयर ह्या पाण्याच्या गाडीवाल्याला फसवणुकीबद्दल दोन गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत द्यायला लावले होते. दोघांच्या वहीत फक्त डावीकडचं पान. आणि तरी मला पिल्लईच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या लोकांचा राग येत नाही. लिटरभर डिझेलमध्ये दहाएक युनिट ऊर्जा असते, छोट्या इंजिनातून निम्म्याहून बरीच जास्त वाया जाऊनही चार-पाच गड्यांचं दिवसभराचं काम त्यातून निघतं, आणि हे सगळं शंभर रुपयांच्या आत. एक गडी दिवसाला काय मागतो ते आमच्याकडे येऊन विचारा, आणि मागूनही मिळतो का तेही विचारा. ही एवढी स्वस्त चेटूक असलेली वस्तू एकदा हातात आल्यावर माणूस तिच्या जागी तसलंच चेटूक शोधणार, वेचून-वाळवून-फोडून आणलेलं काहीतरी त्याला कसं पटेल.

अडचणीत मात्र लोक काहीही चालवतात. आजोबा सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन आलं तेव्हा इकडे कोळशाच्या गाड्या होत्या. गाडीच्या मागे भलामोठा पिंप, त्यात लोणारी कोळसा अर्धवट जाळायचा आणि निघालेला गॅस इंजिनात. निघायच्या आधी क्लीनर हँडल फिरवून भाता घालत बसायचा, अर्धा तास तरी, आणि कुंभार्ली घाटात चढ आला की कंडक्टर पुरुष मंडळींना खाली उतरायला सांगायचा. ढकलायला. तिकीट काढून. युरोपात तर त्या काळात लाकडाच्या-कोळशाच्या गॅसवरच्या दहा लाखांच्या आसपास गाड्या होत्या म्हणतात. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, आणि ते पिंप लोकांनी एका रात्रीत भंगारात काढले, कारण गॅस कमजोर, राख रोज काढायची आणि बंद जागेत राहिलं तर कार्बन मोनॉक्साईडने जीव जायचा. पापुआ न्यू गिनीजवळच्या बोगनव्हिल बेटाची 1990 च्या दशकात नाकेबंदी झाली तेव्हा तिथल्या लोकांनी खोबरेलावर गाड्या चालवल्या. हे मी अण्णांना सांगितलं होतं. त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "त्यांना दुसरं मिळत नव्हतं आणि खोबरेल घ्यायलाही कोण येत नव्हतं. आपलं खोबरेल डिझेलपेक्षा महाग विकतं. आणि जानेवारीत बाटलीत थिजतं ते टाकीत नाही का थिजणार?" वही माझ्याकडे होती, पण डोकं त्यांचं होतं.

सरकारनेही आमच्या घराण्यासारखंच केलंय अधूनमधून. 2003 मध्ये नियोजन आयोगाने जट्रोफाची मोठी योजना मांडली, 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के ह्याचं तेल. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड, चंद्रज्योत, आमच्या गडग्याला कुंपण म्हणून लावलेला, ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून. पडीक जमिनीत येतो, पाणी लागत नाही, मग काय, पडीक जमीन भरपूर! पण दगडावर जगणं वेगळं आणि दगडावर बसून पोतीभर बिया देणं वेगळं. खत-पाणी दिलं तर देतो, पण खत-पाणी असेल तर माणूस तिथे आंबा नाही का लावणार. आमच्या शेजाऱ्याने सड्यावर लावलेला एरंड अजून आहे. कुंपण म्हणून उत्तम.

काजूच्या बोंडूचंही असंच कुणीतरी दरवर्षी काढतं. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेतून चाललं की तो आंबूस गोड वास, पायाखाली बोंडूंचा चिखल, आणि कुणीही म्हणेल की ह्याचं इथेनॉल का करत नाहीत. होतं की. गोव्यात फेणी होतेच. पण बोंडू दिवसभरात सडायला लागतो, झाडं डोंगरभर पसरलेली, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, आणि उरलेले नऊ महिने डिस्टिलरीने काय करायचं? पेट्रोलमध्ये इथेनॉल आज वीस टक्क्यांपर्यंत गेलंय, त्यातलं उसाचं जमलं कारण तिथे कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरने ऊस आपोआप येऊन पडतो, मळी पिपात महिनोन्महिने टिकते. त्यात लिटरमागे ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश, हे पंपावर कुणी सांगत नाही तो भाग वेगळा.

मग चालतं काय? माझ्या बघण्यात दोन गोष्टी चालल्या, आणि दोन्हींना कुणी शोध म्हणत नाही.

एक, शेजारच्या गावातला काजूचा कारखाना. काजू फोडायच्या आधी बी वाफवावी लागते, त्या वाफेच्या बॉयलरखाली ते काजूचीच टरफलं जाळतात. टरफलात तेल असतं, धडधडून पेटतं. तेच तेल हातावर आलं तर कातडी जाते आणि त्या धुराने डोळे चुरचुरतात, ते काही गोड प्रकरण नाही. पण टरफल वेचायला कुणाला जावं लागत नाही, ते टेबलावरून खाली पडतं आणि तिथून वीस पावलांवर जळतं. चहा आधीच काजूच्या खात्यावर पडलेला आहे.

दुसरी, काकूची टाकी. पुण्याच्या आरती संस्थेच्या डॉ. आनंद कर्व्यांनी खरकट्यावर चालणारं छोटं गॅससंयंत्र केलं, त्याला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू, मूळ आमच्या दापोलीच्या मुरुडचे, म्हणून काकूला त्यांच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं वाटतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा, त्याच्यावर जिवाणूंना कशाला जगवता, सरळ अन्नच घाला त्यांना, पिष्ट, साखर, खरकटं. त्यामुळे किलोभर-दोन किलो मालात काम होतं आणि दोन प्लास्टिकच्या टाक्या, एकीत दुसरी पालथी, मागच्या दारी मावतात. काकूने ती बसवली 2015 ला आणि त्यात पेज, भाताची खरवड, फणसाच्या पाती, केळीच्या साली असं सगळं जातं. सकाळचा चहा आणि दोघांचा वरणभात त्यावर होतो. अंघोळीचं पाणी मात्र अजून न्हाणीतल्या चुलीवर, कारण नारळाची सोडणं आणि माडाची चुडतं पडलेलीच असतात, त्यांचं दुसरं करायचं काय.

एका मे महिन्यात दादाने ह्या टाकीला चेटूक लावायचं ठरवलं. साक्याचे, डागी, गळलेले आंबे दोन क्रेट उरले होते. साखरच साखर, गॅस डबल येईल, म्हणून त्याने काकू दापोलीला गेलेली बघून दोन्ही क्रेट त्यात चेचून ओतले. पहिल्या दिवशी वरची टाकी खरंच फुगून वर आली आणि दादाने मला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवली तर ज्योत धरेना, गॅस होता पण जळणारा नव्हता, आणि वास असा की शेजारच्यांनी विचारलं कोणी मेलं का. टाकी आंबली होती. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, त्या आम्लाचा मिथेन करणारे सावकाश असतात, त्यांच्यापुढे एकदम ताट वाढलं की आंबटपणा चढत जातो आणि ते गपगार होतात. हे मी फोनवर सगळं समजावून सांगितलं. काकूने आल्यावर झाकण उघडून नाक लावलं आणि म्हणाली, "पोट बिघडलंय त्याचं." दोन आठवडे काही घातलं नाही, थोडं चुन्याचं पाणी, शेजारच्या गोठ्यातून दोन बादल्या शेणकाला, रोज जाऊन बघणं, मूल आजारी असल्यासारखं. मग मूठ मूठ पेज. जूनच्या पहिल्या आठवड्यात निळी ज्योत आली. त्या टाकीचं यंत्र म्हणजे प्लास्टिक नाहीच, काकूचं नाक आहे, आणि ते कुठल्या प्रदर्शनात मिळत नाही. गावात अशा अजून सहा टाक्या बसल्या होत्या, सब्सिडी होती तेव्हा. चारांत आता पाणी साठवतात.

अण्णा गेले त्याला सहा वर्षं झाली. ते इंजिन त्यांच्यानंतर दोन पावसाळे माडाखाली झाकून होतं, मग भंगारवाल्याने नेलं. आता विहिरीवर सौरपंप आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप ह्या योजनेतला, दहा टक्के आपले आणि बाकीचे सरकारचे, म्हणजे चहा कुणीतरी पाजलाय हे आहेच, तरी मला तो पंप आवडतो. कोकणात ऊन आणि शिपणं ह्यांची वेळ एकच. चार महिने सूर्य दिसत नाही, पण चार महिने पाणी घालायचंच कुठे आहे! शिवाय साठवायला काही लागत नाही, वीज आली की पाणी वर, माडाच्या मुळाशी. हायड्रोजन करायचा म्हटला तर किलोला पन्नासहून जास्त युनिटं घालून तेहतीस युनिटांचा माल हाती येतो. स्टीलच्या भट्ट्यांना, खतांच्या कारखान्यांना तो सौदा परवडत असेल, 2023 मध्ये सरकारने त्यासाठी 19,744 कोटींचं मिशन काढलंय. आमच्या विहिरीला नको.

दिवाळीला गेले तेव्हा दादाला विचारलं, मिठाच्या पाण्याच्या व्हिडिओचं काय झालं. काही बोलला नाही. सकाळी सहाला खरखर आवाज आला म्हणून खाली आगरात गेले तर दादा सोलर पॅनेलच्या समोर, पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात खराटा आणि पाईप. पॅनेल बसवलेत उंडीच्या कडेला, ऊन तिथेच चांगलं येतं म्हणून. आणि रात्रभर वटवाघळांनी वरून गर खाऊन गोट्या टाकलेल्या, त्यांचं बाकीचं कार्यही काचेवर केलेलं. दादा पुटपुटत होता की ही झाडं काढून टाकली पाहिजेत, आणि वरून मागच्या दारातून काकू ओरडली की झाडाला हात लावलास तर बघ.

मी खाली बसून चार गोट्या उचलल्या. गुळगुळीत, थंड, एकीवर दाताची खूण.

"रोज धुतोस?"

"रोज. नाहीतर दुपारी पंप ओढत नाही."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं. पंपानेच वरच्या टाकीत चढवतो ते."

"वहीत लिहितोस का?"

दादाने पाईप माझ्याकडे वळवला.